बाबा रात्री बॅटरी चार्जिंगला लावतात

वाचक लिहितात : घरात मी, माझे पती, पाच वर्षांचा मुलगा आणि ७४ वर्षांचे माझे बाबा असे राहतो. गाडी आठवड्यातून जेमतेम एकदा बाहेर निघते. गेल्या दोन महिन्यांत तिची बॅटरी तीनदा उतरली. दर वेळी बाबा बॅटरी काढतात, दोन जिने चढून वर आणतात आणि आतल्या पॅसेजमध्ये, मुलाच्या खोलीच्या दाराबाहेर, रात्रभर चार्जिंगला लावून ठेवतात. चार्जर पंचवीस वर्षांपूर्वीचा, लोखंडी पेटीचा. मागच्या वेळी मी पहाटे उठले तर पॅसेजभर सडक्या अंड्यांसारखा वास सुटला होता. बाबा म्हणतात, बारा व्होल्टनं कुणाला काही होत नसतं, आणि ही बॅटरी मेन्टेनन्स-फ्री आहे, तिच्यातून काही बाहेर येत नाही. पती म्हणतात, गॅरेजला देऊन टाकू, रोजची कटकट मिटेल. बाबांनी गाडीची सगळी कामं आयुष्यभर स्वतः केली. बॅटरीत पाणी कधी घातलं, याच्या तारखा ते वहीत लिहून ठेवायचे. त्यांचं मन न मोडता हे कसं थांबवू? की माझीच भीती फाजील आहे?

ताई,

आधी त्या वासाचं बोलू. बाकीचं दोन दिवस थांबलं तरी चालेल, वासाचं नाही.

तो वास हायड्रोजन सल्फाइडचा असणार. बॅटरी गरजेपेक्षा फार जास्त चार्ज होत राहिली, तापली, की हा वायू तयार होतो. तो विषारी आहे. त्यात फसवी गोष्ट अशी, की त्याचं प्रमाण वाढलं की नाकाला तो जाणवेनासा होतो. म्हणजे वास कमी झाला याचा अर्थ धोका कमी झाला, असा घेता येत नाही. तुमचा मुलगा त्या दारापलीकडे झोपला होता. तुमची भीती फाजील नाही. बाबा आणि पती दोघंही समोर असताना हे त्यांना स्पष्ट सांगा, आणि ती बॅटरी त्या चार्जरवर पुन्हा लावायची नाही, एवढं आज ठरवून टाका.

यापुढे कधीही तसा वास आला, बॅटरी हाताला चटका बसेल इतकी तापली किंवा तिची पेटी फुगलेली दिसली, तर आधी मुलाला बाहेर काढा. मग चार्जर भिंतीवरच्या बटणापाशी बंद करा. बॅटरीला लावलेल्या चार्जरच्या चिमट्यांना हात लावू नका, ते तसेच राहू देत. खिडक्या-दारं उघडा आणि खोली सोडा. बॅटरी थंड व्हायला काही तास लागतात, तोवर तिच्याजवळ जायचं कारण नाही.

आता तो वास का आला, ते बघू. यातच बाबांशी काय बोलायचं, तेही सापडेल.

गाडीच्या बॅटरीत सहा सेल असतात, प्रत्येक साधारण २.१ व्होल्टचा. पूर्ण भरलेली बॅटरी काही तास स्वस्थ ठेवून मोजली, तर १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. १२.२ म्हणजे साधारण निम्मी, आणि ११.८ च्या आसपास आली की ती रिकामी धरायची. चार्ज करताना तिला त्याहून जास्त, साधारण १४.४ व्होल्ट द्यावे लागतात. याच्या पुढे गेलं की आतल्या पाण्याचं विघटन जोरात सुरू होतं आणि हायड्रोजन आणि ऑक्सिजन बाहेर पडू लागतात. जुन्या लोखंडी पेटीच्या चार्जरला बहुतेक वेळा कटऑफ नसतो. बॅटरी भरली हे त्याला कळत नाही. तो रात्रभर ढकलत राहतो आणि व्होल्टेज १५-१६ च्या घरात जातं.

दुसरी शक्यता अशी, की बॅटरीचा एक सेल मेला आहे. मग जे सहा जणांत वाटायचं ते पाच जणांत वाटलं जातं. १४.४ ला पाचानं भागलं तर एकेका सेलच्या वाट्याला जवळपास २.९ व्होल्ट येतात. तेवढं सोसत नाही, ते उकळायला लागतात. अशा बॅटरीपुढे कटऑफवाला नवा चार्जरही गोंधळू शकतो. ओळखायची खूण सोपी आहे : रात्रभर चार्ज करूनही स्वस्थ ठेवल्यावर मीटर १०.५ च्या आसपासच अडकलेला असेल, तर एक सेल गेला. तिला कितीही चार्ज करा, उपयोग नाही. ती बदलायचीच.

बाबांचं पहिलं म्हणणं अर्धं बरोबर आहे. बारा व्होल्टचा शॉक कोरड्या हाताला लागत नाही. दोन्ही टर्मिनलांवर बोटं ठेवली तरी काही जाणवत नाही, आणि त्यामुळेच माणूस निर्धास्त होतो. पण त्याच टर्मिनलांमध्ये चुकून पाना आडवा पडला, तर क्षणात शेकडो अँपिअरचा करंट वाहतो. पाना लाल होतो, चिकटून बसतो. बोटात अंगठी किंवा मनगटात धातूचा पट्टा असेल आणि तो मध्ये सापडला, तर कातडी हाडापर्यंत भाजते. त्यामुळे बॅटरीला हात घालण्याआधी अंगठी आणि घड्याळ काढून ठेवायचं. बाबांनाही हे माहीत असेल, पण वयानं सैल न होणारी अंगठी माणूस काढायचा कंटाळा करतो. तेवढी आठवण तुम्ही करा.

आणि हायड्रोजन. त्याला वास नाही, रंग नाही. हवेत त्याचं प्रमाण ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत कितीही असलं तरी तो पेट घेऊ शकतो, आणि त्याला एक बारीकशी ठिणगी पुरते.

शिकत होतो तेव्हाची माझीच एक चूक सांगतो. चार्जर चालू असतानाच मी बॅटरीचा चिमटा काढला. चट्कन ठिणगी उडाली, पाठोपाठ झाकणाजवळ फट् असा आवाज झाला आणि एक टोपण उडून भिंतीवर आपटलं. मला काहीच लागलं नाही असं वाटलं. शर्ट धुवायला टाकला, आणि वाळत घालताना पाहिलं तर पोटापाशी मोहरीएवढी सात-आठ भोकं. अ‍ॅसिडचे थेंब कापडावर पडले होते, ते धुतल्यावर कळलं. तेच थेंब वीतभर वर, डोळ्यांत गेले असते. तेव्हापासून बॅटरीजवळ साधा चष्मासुद्धा मला पुरेसा वाटत नाही, बाजूनं बंद असलेला गॉगल लागतो. तो आणि रबरी हातमोजे आणून बाबांच्या हत्यारांच्या पेटीत ठेवा.

मेन्टेनन्स-फ्रीबद्दल बाबांची गफलत झाली आहे, आणि ती फार जणांची होते. त्या शब्दाचा अर्थ एवढाच, की नेहमीच्या वापरात पाणी घालावं लागत नाही. बॅटरी हवाबंद आहे, असा त्याचा अर्थ नाही. तिलाही बारीक छिद्रं किंवा व्हॉल्व्ह असतोच. एजीएम प्रकारच्या, म्हणजे अ‍ॅसिड काचतंतूंच्या गादीत शोषून धरलेल्या बॅटरीत तयार झालेला बराचसा वायू आतल्या आत पुन्हा पाण्यात बदलतो, हे खरं. पण जास्त चार्ज झाली की तिचाही व्हॉल्व्ह उघडतो. उलट इथे तोटा असा, की उडालेलं पाणी परत घालता येत नाही. बाबांच्या जुन्या बॅटऱ्यांना टोपणं होती. रात्रभर उकळल्या तरी सकाळी डिस्टिल्ड वॉटर घातलं की भागायचं. त्यांची पद्धत त्या बॅटऱ्यांसाठी चालून जात होती. बॅटरी बदलली, चार्जर आणि सवय मात्र त्याच राहिल्या.

आता मला तुम्हाला एक विचारायचं आहे. तुम्ही लिहिलंत, ‘हे कसं थांबवू’. नेमकं काय थांबवायचं आहे? घरी बॅटरी चार्ज करणं मुळात धोक्याचं काम नाही. जगभर लोक करतात, आणि नीट केलं तर अगदी निवांत होतं. तुमच्या घरी तीन गोष्टी चुकत आहेत : जागा, वेळ आणि चार्जर. माणूस चुकत नाहीये. काम बाबांकडून काढून घेतलंत तर त्यांना वाटेल की आपण आता निकामी झालो, आणि खरी चूक तशीच राहील. उद्या तुमचे पती तोच चार्जर त्याच पॅसेजमध्ये लावतील.

आणखी एक गोष्ट तुमच्या पत्रात ओझरती आली आहे, आणि माझं लक्ष सारखं तिकडेच जातं आहे. बाबा बॅटरी घेऊन दोन जिने चढतात. मध्यम आकाराच्या गाडीची बॅटरी १२ ते १५ किलोची असते, मोठ्या गाडीची त्याहून जड. ७४ व्या वर्षी, अंगाशी धरलेलं एवढं ओझं, आत गंधकाम्ल, आणि जिन्यात कठड्याला धरायला मोकळा हात नाही. वायू आणि ठिणग्यांच्या आधी मला या जिन्याची काळजी वाटते. हे मात्र खरोखर थांबवा.

म्हणून पहिला प्रयत्न असा करा, की बॅटरी गाडीतून काढायचीच नाही. गाडी उभी असते तिथे प्लग आहे का? असेल तर बॉनेट उघडं ठेवून जागच्या जागी चार्ज करता येतं. हवा खेळती असते आणि ओझं उचलायचं नाही. दूरचा प्लग असेल तर एक्स्टेन्शन वापरायला हरकत नाही. बॅटरीचा छोटा चार्जर ५ अँपिअर देतो, म्हणजे ७०-८० वॉटचं काम, जुन्या काळच्या एका बल्बाएवढं. वायर तेवढ्यानं तापत नाही. पण ती तीन पिनांची, अर्थिंगची, अखंड आणि बाहेर वापरण्याजोगी हवी. पाणी साचतं तिथून नेऊ नये, आणि चाकाखाली किंवा दारात चेमटेल अशी टाकू नये. बॉनेट आणि वाइपरच्या मधून वायर दाबली जात नाही ना, तेही पाहावं. पाऊस असेल तर त्या दिवशी राहू द्या.

प्लगच नसेल आणि बॅटरी वर आणणं भाग असेल, तर ती पतींनी आणावी, बॅटरीच्या कडीला किंवा पट्ट्याला धरून, उभीच, अजिबात कलती न करता. ठेवायची जागा म्हणजे उघडी गॅलरी किंवा गच्ची. काठ असलेल्या प्लास्टिकच्या ट्रेमध्ये ठेवा, म्हणजे काही सांडलं तर फरशीवर जाणार नाही. चार्जर बॅटरीच्या डोक्यावर ठेवायचा नाही, वायर पुरेल तितका लांब आणि बाजूला. मुलाला गॅलरीचं दार बंद, आणि तिथे सिगारेट, उदबत्ती, गॅस, काहीही पेटतं नको.

चार्जर नवा घ्या. हा खर्च टाळू नका. आपोआप टप्पे बदलणारा, भरल्यावर स्वतः थांबणारा, चिमटे उलटे लागले तरी नुकसान होऊ न देणारा, असा बघा. बॅटरी साधी आहे, एजीएम आहे की जेल (आतलं अ‍ॅसिड जेलीसारखं घट्ट असलेली), हे तिच्या लेबलवर असतं. चार्जरवर तीच निवड करायची, कारण जेल बॅटरीला थोडं कमी व्होल्टेज लागतं. इंजिन आपोआप बंद-चालू होण्याची सोय असलेल्या गाड्यांत साध्याहून वेगळी बॅटरी असते, तिथे तर लेबल पाहिल्याशिवाय चार्जर लावूच नये. करंटचा अंदाज सोपा : बॅटरीच्या अँपिअर-आवरचा, म्हणजे तिच्या साठवण क्षमतेचा, दहावा हिस्सा. ४५ ची बॅटरी असेल तर ४ ते ५ अँपिअर. याहून जोरात भरण्याची घाई करू नका. चार्जरला ‘बूस्ट’ किंवा ‘स्टार्ट’ असं बटण असेल तर घरी ते विसरून जा.

वेळेचं गणित बाबांपुढे मांडा, त्यांना आवडेल. ४५ ची बॅटरी निम्मी उतरली तर २२-२३ अँपिअर-आवर परत भरायचे. साडेचार अँपिअरनं पाच तास, शेवटचा टप्पा सावकाश जातो म्हणून आणखी दोन-तीन. सकाळी आठला लावली तर दुपारी तीन-चारपर्यंत काम झालं. पूर्ण उतरलेली असेल तर दिवसभर लावा, झोपायच्या आधी बंद करा, उरलेलं दुसऱ्या दिवशी. मध्ये थांबल्यानं बॅटरीचं काही बिघडत नाही. रात्र हवीच कशाला? घरातलं कुणीतरी जागं असताना, तासाभरानं एकदा डोकावून, पेटीला हात लावून पाहता आलं पाहिजे. कोमट चालेल, गरम नको.

क्रम बाबांना तोंडपाठ असेल, तरी इथे लिहितो, कारण हे पत्र तुमच्यासारखे बरेच जण वाचतील. बॅटरी काढताना आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह. बसवताना आधी पॉझिटिव्ह, शेवटी निगेटिव्ह. कारण गाडीची सगळी बॉडी निगेटिव्हला जोडलेली असते. निगेटिव्ह जागेवर असताना पॉझिटिव्हचा नट सोडवताना पाना पत्र्याला टेकला, की शॉर्ट झालाच. चार्जर लावताना बटण बंद ठेवून आधी लाल चिमटा पॉझिटिव्हवर, मग काळा. बॅटरी गाडीतच असेल तर काळा चिमटा टर्मिनलवर न लावता बॅटरीपासून लांब, इंजिनाच्या किंवा बॉडीच्या रंग नसलेल्या धातूवर लावा, म्हणजे ठिणगी उडालीच तर वायूपासून दूर उडेल. काही गाड्यांत यासाठी ठरावीक जागा दिलेली असते, ती माहितीपुस्तिकेत सापडते. मग बटण चालू. काढताना उलटं : आधी बटण बंद, मग काळा, मग लाल. माझा शर्ट याच एका पायरीत गेला.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड साचली असेल तर खायच्या सोड्याचं पाणी आणि जुना ब्रश. ते पाणी टोपणाच्या आत जाऊ द्यायचं नाही. पाणी घालायची बॅटरी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर, तेही चार्ज झाल्यावर. प्लेटा उघड्या पडल्या असतील तरच त्या बुडण्यापुरतं आधी घालावं. अ‍ॅसिड कधीच घालायचं नाही. अ‍ॅसिड कातडीवर उडालं तर भरपूर वाहत्या पाण्यानं धुवा. डोळ्यात गेलं तर पापणी उघडी धरून किमान पंधरा-वीस मिनिटं नळाखाली, आणि लगेच डॉक्टर. डोळ्यात सोडा किंवा दुसरं काही घालू नका.

पतींच्या म्हणण्यातही तथ्य आहे, पण कटकट मिटण्याचं नाही. गॅरेजला बॅटरी फक्त चार्ज करून आणली तर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तेच. गॅरेजला न्यायची ती तपासायला. दोन महिन्यांत तीनदा उतरते, म्हणजे कारण दुसरीकडे आहे. बॅटरीचं वय तुम्ही लिहिलेलं नाही. चार-पाच वर्षं झाली असतील तर तिचे दिवस भरत आले. पूर्ण चार्ज करून, रात्रभर स्वस्थ ठेवून, सकाळी सेल्फ मारताना कुणीतरी मीटर धरला आणि आकडा ९.६ च्या खाली गेला, तर ती थकली आहे असं समजा. आणि जी एकदा उकळून वास सोडून बसली, ती तपासणीत उत्तीर्ण होईल अशी आशा मी तरी धरणार नाही.

बॅटरी चांगली निघाली, तर गाडी बंद असताना काहीतरी तिला शोषतं आहे. डिकीतला न विझणारा दिवा, नंतर बसवलेला कॅमेरा, ट्रॅकर, अलार्म. गाडी पूर्ण झोपल्यावर ५० मिलीअँपिअरपर्यंतचा वापर सर्वसाधारण मानतात. तो तेवढाच असला तरी दिवसाला १.२ अँपिअर-आवर होतो आणि महिन्यात ३६. ४५ च्या बॅटरीत मग उरतं काय? आठवड्यातून एकदा छोटीशी चक्कर मारणाऱ्या गाडीचं हे असंच होतं. बरेच जण एक दिवसाआड गाडी पाच मिनिटं जागेवर चालू ठेवतात. त्यात सेल्फला लागलेलं आणि बसून गेलेलं जेमतेम भरून येतं, आधीची तूट तशीच राहते. अर्धवट उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की प्लेटांवर सल्फेटचे कडक स्फटिक धरतात, आणि मग ती पूर्ण भरतच नाही. आठवड्याला एक तरी सलग ४० मिनिटांची फेरी करा. ते जमणार नसेल तर महिन्यातून एकदा दिवसा चार्जर लावा, उतरायची वाट न पाहता.

ज्यांच्याकडे विजेवरची दुचाकी आहे आणि जे तिची बॅटरी काढून घरात आणतात, त्यांनी यातलं काहीही तसंच्या तसं उचलू नये. ती लिथियमची बॅटरी, तिचं सगळं वेगळं. तिच्यासोबत आलेलाच चार्जर वापरायचा. चालवून आणल्यावर थंड होऊ द्यायची. पडलेली, भिजलेली, फुगलेली बॅटरी लावायची नाही. आणि बाहेर पडायच्या दारात किंवा जिन्याखाली ती कधीही ठेवू नये, कारण पेटलीच तर पळायची वाट तीच अडवते. धूर दिसला की विझवत बसू नका, सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि अग्निशमन दलाला बोलवा. विझल्यासारखी वाटून ती पुन्हा पेटते.

बाबांशी बोलताना वासापासून सुरुवात करा, पण तक्रार म्हणून नको. ‘बाबा, तो वास का आला असेल?’ असं विचारा. ज्या माणसानं पाण्याच्या तारखा लिहून ठेवल्या, तो या प्रश्नाशी खेळेल. त्यांना एक मल्टिमीटर आणून द्या आणि वही शोधायला सांगा. पाण्याच्या तारखांच्या पुढच्या पानावर आता नवे रकाने आखायचे : तारीख, सकाळचे व्होल्ट, गाडी किती मिनिटं फिरली. पहिला आकडा बाबांच्या हातून पडू द्या, आणि तो १२.४ च्या खाली असेल तर चार्जर कधी लावायचा, कुठे लावायचा, हे त्यांनाच विचारा. मुलालाही आकडा वाचायला बोलवा, चार हात लांबून.